दुसऱ्या दिवसाची दरी

"निरोगी, पण फारशी हालचाल न करणारी, साठीच्या पुढची एखादी बाई मिळेल का?" डॉ. रेवती सोनटक्के यांनी पुण्याहून विचारलं, तेव्हा केतकी थोरात मोठ्याने हसली.

"मिळेल म्हणजे काय? आमच्या घरातच आहे. माझी आई."

कराडमध्ये केतकीचं फिजिओथेरपीचं केंद्र होतं. दोन खोल्या, सहा खाटा, तीन सायकली आणि भिंतीला लावलेल्या लाकडी पट्ट्यांवर हात धरून हळूहळू चालायला शिकणारी माणसं. केतकी अडतीस वर्षांची, सडपातळ, कायम घाईत. रुग्ण तिला वचकून असत आणि तिच्यामुळे चालायलाही लागत. मोडलेली हाडं, बदललेले गुडघे, अर्धांगवायू यांत तिचा हात धरणारं आसपास कोणी नव्हतं. एकाच प्रकारचे रुग्ण तिला जड जात. महिनोन् महिने थकवा जात नाही म्हणणारे. तपासण्या सगळ्या व्यवस्थित, रक्त ठीक, हृदय ठीक, आणि माणूस मात्र अंथरुणाला धरून. त्यांच्यावर तिचं एकच औषध होतं. रोज थोडं जास्त चाला. दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवा. दुखलं तरी थांबू नका.

सन २०४१च्या जानेवारीत रेवतीबाईंच्या संशोधन गटाने तिच्या केंद्रात एक चाचणी करायचं ठरवलं. पोस्टाच्या दोन तिकिटांएवढी एक मऊ पट्टी होती. ती मांडीवर चिकटवायची आणि चार दिवस काढायची नाही.

पट्टीमागचं शास्त्र रेवतीबाईंनी तिला नीट समजावून सांगितलं होतं. आपण चाललो, जिना चढलो, की स्नायूंच्या पेशींमधला ऊर्जेचा साठा थोडा रिकामा होतो. पेशींच्या पोटात तंतुकणिका नावाच्या अतिसूक्ष्म भट्ट्या असतात. त्या प्राणवायू वापरून हा साठा पुन्हा भरतात. धडधाकट माणसात हे काम बघता बघता उरकतं. पट्टी त्वचेतून आत एक न दिसणारा प्रकाश सोडते आणि स्नायू प्राणवायू किती वेगाने वापरतोय ते परतणाऱ्या प्रकाशावरून ओळखते. त्याचा आलेख फोनवर उमटत राहतो.

"गंमत पुढे आहे," रेवतीबाई म्हणाल्या होत्या. "दीर्घ थकव्याच्या कित्येक रुग्णांत श्रम केल्याच्या दिवशी भट्ट्या ठीक चालतात. दुसऱ्या, तिसऱ्या दिवशी त्या मंदावतात. आलेखात खड्डा पडतो. आम्ही त्याला दरी म्हणतो. आजवर हे सापडलं नाही, कारण रुग्णाला आपण कधी तपासतो? तो दवाखान्यात चालत येतो त्या दिवशी. तो कोसळतो दुसऱ्या दिवशी, घरी, पांघरुणात. तिथे उपकरण घेऊन कोणीच बसलेलं नसतं."

केतकीला हे पटलं होतं असं नाही. पण चाचणीत चार थकलेले रुग्ण हवे होते, तसे तुलनेसाठी दोन निरोगी, बैठी माणसंही हवी होती. शैलजाबाईंचं नाव तिने अगदी सहज सुचवलं. आपली आई आजारी नाही याबद्दल तिला लहानपणापासून खात्री होती.

केतकीच्या आठवणीतली आई म्हणजे आडवी असलेली आई. दुपारी शाळेतून यावं तर आई पलंगावर. संध्याकाळी खेळून यावं तर आई पलंगावर. बाबा पाटबंधारे खात्यात कारकून होते. सकाळी उठून पोळ्या तेच लाटायचे, केतकीची वेणी तेच घालायचे, तीही वाकडी. शेजारच्या काकू कुजबुजायच्या, "शैलजाला बाई ऐश आहे." सातवीत असताना केतकीने एकदा चिडून विचारलं होतं, "बाबा, आईला काय झालंय?" बाबा म्हणाले, "पडू दे तिला." एवढंच. डॉक्टर झाले, वैद्य झाले, कोणालाही काही सापडलं नाही. केतकीने त्यातून आपल्यापुरता निष्कर्ष काढला आणि मोठेपणी असा व्यवसाय निवडला, ज्यात लोकांना अंथरुणातून उठवायचं असतं.

बाबा चार वर्षांपूर्वी गेले. तेव्हापासून मायलेकी दोघीच घरात होत्या. भांडण नव्हतं, पण बोलणंही बेताचंच.

"मला काय करावं लागेल?" चाचणीचं ऐकून शैलजाबाईंनी विचारलं.

"काही नाही. बुधवारी केंद्रात यायचं, सायकल दहा मिनिटं मारायची. बाकी नेहमीसारखं."

त्यांनी थोडा विचार केला. "बुधवारी ना? मग मंगळवारी मी केस धुणार नाही. आणि गुरुवार, शुक्रवार मला कोणी हाक मारू नका."

"आई, दहा मिनिटांची सायकल आहे. गड चढायचा नाहीये."

"हो," शैलजाबाई म्हणाल्या, आणि वाद घातला नाही. त्या कधीच घालत नसत.

बुधवारी त्या आल्या, गुलाबी काठांची साडी नेसून, आणि दहा मिनिटं सायकल मारली. मध्येच विनोदही केला, "ही सायकल कुठेच जात नाही गं, बरंय." केतकीने मनात म्हटलं, बघा, कशी झकास मारतेय. ठरवलं तर जमतं सगळं.

गुरुवारी आईच्या खोलीचं दार बंद होतं. शुक्रवारीही. केतकीने चहा नेऊन ठेवला, तो तसाच राहिला. नाटकं, असा शब्द तिच्या ओठांवर आला होता. तो गिळून ती कामावर गेली.

शुक्रवारी अकराच्या सुमाराला सहाही जणांचे आलेख तिच्या संगणकावर आले. ती एकेक बघत गेली. दोघा रुग्णांना उथळ दरी होती, एकाला बऱ्यापैकी, एकाला काहीच नाही. बैठ्या माणसांपैकी पहिल्याची रेघ टेबलासारखी सपाट. सहावा आलेख उघडला आणि ती खुर्चीत पुढे सरकली. बुधवारपर्यंत ठीक चाललेली रेघ गुरुवारी पहाटे जी खाली गेली होती, ती वर यायचं नावच घेत नव्हती.

तिने लगेच पुण्याला फोन लावला. "मॅडम, क्रमांकांची अदलाबदल झालीय. सहा नंबर निरोगी बाईंचा आहे आणि त्यावर कुठल्या तरी रुग्णाचा आलेख आलाय."

"थांबा, बघते." पलीकडे कळफलकाची टकटक ऐकू आली. "नाही हो. प्रत्येक पट्टी नाडीच्या ठेक्यावरून आपला माणूस ओळखते. अदलाबदल होऊच शकत नाही." टकटक थांबली. "केतकी, आत्तापर्यंत माझ्याकडे दोनशे अकरा आलेख जमलेत. इतकी खोल दरी त्यातल्या तिघांचीच आहे. या तुमच्या आई ना? त्या घरात वावरतात तरी कशा?"

केतकीने फोन ठेवला. समोर एक आजोबा पट्ट्या धरून उभे होते आणि "आता पुढे?" असं विचारत होते. तिने त्यांना बसायला सांगितलं, मदतनीस मुलीला उरलेला दिवस सांभाळायला सांगितला आणि भर दुपारी घर गाठलं.

शैलजाबाई कुशीवर पडल्या होत्या. पडदे ओढलेले. केतकी पलंगाशी जमिनीवर बसली. तिने फोनवरचा आलेख त्यांच्या डोळ्यांसमोर धरला.

"हे काय?"

"हे तुझं आहे. कालचं आणि आजचं."

शैलजाबाईंनी चष्म्याविना डोळे बारीक करून पाहिलं. "खाली गेलंय."

"हो. आई, तू आजारी आहेस. खरोखरची. इतकी वर्षं."

त्या बराच वेळ त्या रेघेकडे बघत राहिल्या. केतकीला वाटलं, आता रडेल. पण त्यांनी विचारलं, "म्हणजे हे सगळ्यांना होत नाही?"

"काय सगळ्यांना?"

"हेच. एक दिवस काम केलं की दुसऱ्या दिवशी अंगात वाळू भरल्यासारखं होणं. बोलायचं म्हटलं तरी शब्द उचलून आणावे लागणं. तू तीन वर्षांची होतीस, चिकुनगुन्याची साथ आली होती. ताप गेला आणि हे राहिलं. मला वाटायचं, सगळ्याच बायकांना होत असेल. त्या रेटून नेतात, आपल्यालाच रेटता येत नाही. आपणच कमी पडतो." त्या थांबल्या, श्वास घेतला. "तुझ्या बाबांना म्हटलंही होतं, मी आळशी आहे का हो? ते म्हणाले, आळशी माणूस आळस करताना खूश असतो. तू कुठे खूश असतेस?"

केतकीने पलंगाच्या कडेवर डोकं टेकलं. "मी तुला कधी विचारलंच नाही गं. माझं कामच आहे विचारणं."

"विचारलं असतंस तरी मी काय सांगणार होते?" आईने तिच्या केसांवर हात ठेवला. हात थोड्याच वेळात जड होऊन बाजूला पडला. "आता जा. बरं वाटतंय मला. पण बोलणं पुरे."

संध्याकाळपर्यंत केतकी स्वयंपाकघरात नुसती बसून होती. आईचा विचार मागे पडून तिला दुसरी माणसं आठवू लागली. थकव्याचे रुग्ण. येईनासे झालेले. त्यांच्या नावांपुढे तिने 'चिकाटी नाही' असा शेरा मारलेला होता.

त्यात पहिलं नाव इम्तियाज मुलाणी. तिशीतला शिंपी, ब्लाउज शिवण्यात नाव कमावलेला. दोन वर्षांपूर्वी तापातून उठला तो थकवा घेऊनच. रविवारी केतकी त्याच्या घरी गेली. दार त्याची बायको नसीमने उघडलं आणि उघडं धरूनच उभी राहिली. आत या म्हणाली नाही.

"तुम्ही त्यांना जिना चढायला लावला," नसीम म्हणाली. "हसत हसत चढले. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून. घरी आले आणि चार दिवस मी त्यांना चमच्याने भरवलं. तुम्हाला फोन केला, तर म्हणालात, सुरुवातीला दुखतंच, थांबू नका. ते थांबले नाहीत. तुमचं ऐकून पडले ते अजून उठले नाहीत."

"चूक माझी होती," केतकी म्हणाली. "तुमचं बरोबर होतं. तेच सांगायला आलेय."

नसीमची तयारी बहुधा वादाची होती. ती गोंधळली, मग बाजूला झाली.

इम्तियाज अंधाऱ्या खोलीत पडून होता. त्याला सायकलवर बसवायचा प्रश्नच नव्हता. केतकीने पट्टी लावली आणि उठून पाच मिनिटं बसणं एवढीच चाचणी ठरवली. तीन दिवसांनी आलेखात दरी दिसली. ती पाहून तो हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, मला वाटायचं, मीच मनापासून करत नाहीये." नसीमने तोंडाला ओढणी लावली आणि बाहेर जाऊन रडली. परत आली ती चहा घेऊनच.

आजारावर औषध अजून निघालेलं नव्हतं. रेवतीबाईंच्या गटाला निदान करता येत होतं, आणि एक मर्यादा सांगता येत होती. प्रत्येक माणसाची दरी कुठून सुरू होते, ते पट्टी काही आठवड्यांत शिकायची आणि त्या काठाच्या अलीकडेच मांडीवर थरथरून इशारा द्यायची. इशारा आला की हातातलं काम सोडून आडवं व्हायचं. नव्या पद्धतीचं पत्रक पुण्याहून आलं, ते केतकीने आईला वाचून दाखवलं. शैलजाबाई ऐकता ऐकता हसू लागल्या.

"यात नवीन काय आहे? अंघोळ आणि भाजी एका दिवशी नाही. गॅससमोर स्टूल. फोन उचलून धरायचा नाही, छातीवर ठेवायचा. मी हे कधीपासून करतेय."

"कोणी शिकवलं तुला?"

"कोण शिकवणार? आपटून आपटून कळलं. आणि त्यांनी महत्त्वाचं लिहिलंच नाही. लिही तू. दमल्यावर पडायचं नसतं. दमायच्या आधी पडायचं असतं. आणि वाईट दिवसाला भ्यायचं नाही, चांगल्या दिवसाला भ्यायचं. बरं वाटतंय म्हणून कपाट आवरायला काढलं, की आठवडा गेला."

केतकी खरंच लिहून घेत होती. लहानपणापासून ज्याला तिने आळस म्हटलं, ती सगळी आईची बारीक हिशेबी शिस्त होती. हे कळल्यावर तिला लाज वाटली, पण त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटलं. आईवर रागावत राहणं हेही एक कामच होतं, आणि ते ती कधीची करत आली होती.

शैलजाबाई आठवड्यातून दोनदा पंधरा मिनिटं फोनवरून रुग्णांशी बोलू लागल्या, पडल्या पडल्याच. इम्तियाज त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणू लागला. एका आठवड्यात फक्त काज, पुढच्या आठवड्यात काज आणि बटण, असं करत जूनपर्यंत तो दिवसाला अर्धा तास शिवणावर बसू लागला. पूर्ण बरा झाला नव्हता. पण आता तो आणखी खालावत नव्हता. शैलजाबाईंचंही तसंच. आधी त्यांना अंदाजाने चालावं लागे आणि अंदाज चुकायचा. पट्टी आल्यापासून आठवड्यातले चार दिवस बरे जाऊ लागले.

ऑक्टोबरात एका सकाळी त्या म्हणाल्या, "केतू, मला गुहागरला जायचंय. हेमाकडे."

हेमा ही त्यांची धाकटी बहीण. सोळा वर्षांपूर्वी त्यांची आई गुहागरला वारली, आणि शैलजाबाई पोचल्या नाहीत. हेमामावशीने त्यानंतर बहिणीशी बोलणं सोडलं होतं. केतकी तेव्हा पुण्यात शिकत होती. तिला एवढंच कळलं होतं की आईला जमलं नाही, आणि तेव्हा तिलाही मावशीचंच खरं वाटलं होतं.

केतकीने मावशीला फोन केला. "आत्ता वेळ मिळाला होय तिला?" मावशी म्हणाली. मग स्वतःच म्हणाली, "येऊ दे. नाही म्हणायला मी कोण?"

कराडहून गुहागर चार तासांचं. त्यांनी चार दिवस धरले. पहिल्या दिवशी कोयनानगर, तिथे एक दिवस पूर्ण विश्रांती, मग घाट उतरून चिपळूण, मग गुहागर. गाडीची मागची सीट काढून केतकीने गादी घातली. कुंभार्ली घाट निम्मा उतरला होता, तेव्हा शैलजाबाई म्हणाल्या, "थरथरली." केतकीने लगेच पहिल्या मोकळ्या जागी गाडी बाजूला घेतली. दोन तास त्या तिथे होत्या. मालमोटारी घरघरत जात होत्या. झाडीत कुठेतरी माकडं भांडत होती. आई झोपली होती, आणि केतकी दरवाजा उघडा टाकून पायरीवर बसून होती. पूर्वीची केतकी म्हणाली असती, आता तासाभराचंच तर राहिलंय, जरा दम धर. चिपळूणला मग एक दिवस जास्त मुक्काम करावा लागला.

हेमामावशी अंगणात उभी होती. कमरेवर हात, ओठ घट्ट. "काल येणार होतीस ना?" असं ती म्हणणार, तेवढ्यात गाडीचं दार सरकलं आणि तिला गादीवरून हळूहळू उठणारी बहीण दिसली. पांढरे केस, हातात केतकीचा हात, तीन पावलं आणि थांबा, तीन पावलं आणि थांबा. मावशी पुढे धावली आणि दुसरा हात धरला.

ओटीवरच्या पलंगावर शैलजाबाई पडल्या. हेमामावशी उशाशी बसली. पांघरूण सारखं करत ती म्हणाली, "ताई, आईच्या वेळी का गं नाही आलीस?"

"निघाले होते," शैलजाबाई म्हणाल्या. "एसटीने, तुझ्या भाओजींबरोबर. आदल्या दोन रात्री झोपले नव्हते. पाटणला पोचले आणि पाय उचलेना. स्टँडच्या बाकावर आडवी झाले. ते म्हणाले, मी खांद्यावर घेतो. मी म्हटलं, मेलेल्या आईसमोर मला उचलून आणलेलं नको. परत फिरलो."

केतकी दारात उभी होती. हे तिने कधीच ऐकलं नव्हतं.

"मग हे सांगायचं नाहीस?" मावशीचा आवाज फाटला.

"काय सांगू? दमले होते म्हणून आईला शेवटचं बघायला आले नाही, असं? कोणाला खरं वाटलं असतं? मलाच वाटत नव्हतं."

मावशीने केतकीकडे पाहिलं. केतकीने आलेख दाखवायला फोन काढला, तर मावशीने हातानेच नको म्हटलं. "मला ते रेघाबिघा कळत नाहीत." ती उठली, आतून दुसरी उशी आणली आणि "सरक जरा" म्हणत बहिणीशेजारी आडवी झाली. दोघी छताकडे बघत बोलत राहिल्या. मध्ये मध्ये गप्प होत होत्या, मग पुन्हा बोलत होत्या. समुद्राचा आवाज येत होता. गप्प झालं की तो जास्त ऐकू यायचा.

तिसऱ्या दिवशी केतकीने धास्तावतच आलेख उघडला. रेघ थोडी वाकली होती आणि सावरली होती. दरी नव्हती.

शैलजाबाई महिनाभर राहायचं म्हणाल्या. केतकी एकटीच परत निघाली. घाटमाथ्यावर पोचली तेव्हा दुपार होती. ती दमली नव्हती. कराडमध्ये पाच रुग्ण यायचे होते, पण संध्याकाळी सहानंतर. तिने गाडी एका जांभळीच्या सावलीत लावली, मागच्या गादीवर गेली आणि पाठ टेकली. सुरुवातीला तिला काय करावं कळेना. मग वारा आला आणि डोळे मिटले.

फोन वाजला. तो तिने छातीवर ठेवला.

"पोचलीस का गं?" आईने विचारलं.

"नाही. घाटावर आहे. गाडी थांबवून आडवी पडलेय."

"का? बरं नाही?"

"बरं आहे गं. उगाच पडलेय."

पलीकडे आई हसली, आणि तिच्या मागून मावशीही हसल्याचं ऐकू आलं.

"मग पड," आई म्हणाली. "घाई करू नकोस."